सहल दोघांची, आजाराची माहितीही दोघांना

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या आरंभी दोन वयोवृद्ध मित्र माझ्या दवाखान्यात आले. एक ७२ वर्षांचे निवृत्त शिक्षक, दुसरे सत्तरीतले शेतकरी. स्नेह चाळीस वर्षांचा. परंतु गुरुजींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, हे शेतकरी मित्राला ठाऊक नव्हते. ते कळले रेल्वेच्या डब्यात.

दोघे दोन दिवसांसाठी म्हैसमाळला निघाले होते. गुरुजींनी सकाळची मधुमेहाची गोळी घेतली आणि निघण्याच्या गडबडीत न्याहारी राहून गेली. जालना येण्यापूर्वी त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. मित्राला वाटले, उन्हाचा थकवा आहे, झोपू द्यावे. समोर बसलेल्या एका बाईंनी विचारले, "यांना साखरेचा आजार आहे का?" मित्र निरुत्तर. गुरुजींना अजून गिळता येत होते. त्या बाईंनीच त्यांना भरपूर साखरेचा चहा पाजला आणि थोड्या वेळाने ते सावरले. दोघे जालन्याहूनच परत फिरले.

"आता बाबांचा प्रवास बंद," असे गुरुजींच्या चिरंजीवांनी मला सांगितले. मी त्यांना म्हणालो, चूक सहलीची नव्हती. आजार लपवून ठेवण्याची होती. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक ज्येष्ठांचे घराबाहेर पडणे आता दवाखान्यापुरतेच उरले आहे. भूक मंदावते, झोप उडते, बोलणे कमी होते; यावर केवळ गोळ्यांनी फारसे काही साधत नाही. जुन्या मित्रासोबतचे दोन दिवस बरेच काही साधून जातात. म्हणून सहल रद्द न करता ती नीट आखावी, असे आम्ही ठरवले.

ठिकाण कसे निवडावे?

मे महिन्यात परभणीचा पारा ४३ अंशांच्या पुढे जाणे आपल्याला नवीन नाही. उंचीवर हवा थंड असते. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हैसमाळचे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडे अधिक, म्हणजे परभणीपेक्षा सहाशे मीटरहून अधिक उंच आहे. तेव्हा चारएक अंशांचा दिलासा मिळतो. महाबळेश्वर अधिक थंड खरे. पण आपल्याकडून तेथवर जाण्यायेण्यातच दोन दिवस सरतील. म्हैसमाळला मात्र रेल्वेने छत्रपती संभाजीनगर आणि तेथून खुलताबादमार्गे सुमारे चाळीस किलोमीटर, एवढाच पल्ला आहे. उन्हाळ्यात तेथे पावसाळ्याची हिरवाई नसते, दुपारही तापते. परंतु पहाटेचा वारा, पठाराच्या कड्यावरून दिसणारा सूर्यास्त आणि गिरिजादेवीचे मंदिर यांसाठी जावे. शक्य असल्यास मेऐवजी मार्चचा उत्तरार्ध निवडावा.

ठिकाण ठरवताना रुग्णालयाचे अंतरही पाहावे. म्हैसमाळहून संभाजीनगरचे 'घाटी' हे शासकीय रुग्णालय साधारण तासाभराच्या वाटेवर आहे. डोंगरावर औषधे मिळतीलच, असे गृहीत धरू नये.

प्रवास आणि दिनक्रम

वारंवार लघवीला जावे लागते म्हणून अनेक ज्येष्ठ प्रवासात पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात ही सवय घातक ठरते. रक्तदाब उतरतो, चक्कर येते, मूत्रपिंडांवर ताण पडतो. म्हणून शौचालयाची सोय असलेली रेल्वे बरी. एस.टी.ने जायचे असल्यास ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आणि त्यापुढील वयाला मोफत प्रवास आहे; ओळखपत्र जवळ असावे.

दिवस आखावा तो दोघांपैकी ज्याची शक्ती कमी, त्याच्या बेताने. फिरणे सकाळी दहापूर्वी आणि सायंकाळी पाचनंतर. दुपार खोलीत, गप्पा आणि विश्रांतीसाठी. वाटेत वेरूळ पाहायचे तर सकाळीच पोहोचावे; लेणी मंगळवारी बंद असतात. सारी लेणी पाहण्याचा हट्ट नको. एकट्या कैलास लेण्यापाशी तासभर बसले तरी मन भरते.

औषधांची तयारी

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास उन्हाळ्यात तिचे प्रमाण बदलावे का, हे त्यांनाच विचारावे. स्वतःहून बंद करू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास दिवसाला किती पाणी प्यावे, तेही विचारून घ्यावे. दोन दिवसांच्या सहलीसाठी चार दिवसांची औषधे घ्यावीत आणि ती दोन पिशव्यांत विभागावीत. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, बर्फालाही थेट टेकवू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे: एका कागदावर आपले आजार, औषधे, त्यांच्या वेळा, कशाची ॲलर्जी आहे ते आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहून तो मित्राच्या खिशात द्यावा, त्याचा आपल्या खिशात घ्यावा. पुढील गोष्टी दोघांनाही ठाऊक असाव्यात:

- मधुमेही व्यक्तीला घाम, थरथर, गोंधळ जाणवल्यास साखर उतरली आहे असे समजून, ती शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. बरे वाटताच काही खाऊ घालावे.
- शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
- उन्हात अंग तापून असंबद्ध बोलणे सुरू झाल्यास उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ला कळवावे.
- छातीत दाब, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरी परतण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

मुलांसाठी दोन शब्द

आई-वडिलांना जाऊ नका म्हणणे सोपे असते. त्याऐवजी त्यांच्या मित्राचा किंवा मैत्रिणीचा क्रमांक आपल्याकडे घ्यावा, सकाळ-संध्याकाळ एकेकदा फोन करावा आणि उरलेला वेळ त्यांचा त्यांना द्यावा. दर तासाला विचारपूस केली की सहलीचाही दवाखाना होतो.

यंदा मार्चअखेरीस ते दोघे पुन्हा निघाले. या वेळी गुरुजींनी न्याहारी करून मगच गोळी घेतली. परतल्यावर शेतकरी मित्र मला भेटायला आले आणि त्यांनी खिशातून साखरेची पुडी काढून दाखवली. पुडी न उघडताच परत आली होती. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता ही कायम माझ्याच खिशात राहील." गुरुजींचे चिरंजीव पुढच्या वर्षीची तिकिटे स्वतः काढणार आहेत.