फाटकापाशी गाडी का तापते?

हमरस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने मुकाट धावणारी गाडी गोंदियाच्या बाजारपेठेत शिरते किंवा रेल्वे फाटकाच्या रांगेत उभी राहते, आणि काटा वर सरकू लागतो. एसीची हवा कोमट होते, बॉनेटखालून गोडसर वास येतो. गाडी गॅरेजला जाते. तिथे आधी थर्मोस्टॅट बदलतो, मग वॉटर पंप, मग रेडिएटर. खिसा रिकामा होतो आणि गाडी पुढच्या रांगेत पुन्हा ‘हीट मारते’. कारण ती नेमकी केव्हा तापते, हे कोणी विचारलेलंच नसतं.

निम्मं निदान त्या ‘केव्हा’मध्येच आहे. इंधन जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत जातो, तेवढाच धुरावाटे निघून जातो आणि उरलेली उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटरच्या जाळीतून आपोआप घुसतो. गाडी थांबली की वारा थांबतो आणि सगळी मदार पंख्यावर येते. म्हणून उभ्या गाडीत तापणारं आणि रस्त्याला लागल्यावर निवणारं इंजिन बहुतेक वेळा पंख्याचं किंवा अडलेल्या हवेचं दुखणं सांगतं. याउलट वेगात किंवा चढावर तापणाऱ्या गाडीत आतून चोक झालेला रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट यांच्याकडे आधी बघावं. कूलंटची पातळी मात्र दोन्ही वेळा तपासायची, तीही इंजिन पूर्ण थंड असताना.

गोंदियाचा उन्हाळा या हिशेबात मोठी भर घालतो. कूलंट ९० अंशांवर आहे असं धरा. डिसेंबरच्या १५ अंशांच्या सकाळी कूलंट आणि हवा यांच्या तापमानात ७५ अंशांचं अंतर असतं. मे महिन्याच्या ४५ अंशांत ते ४५ वर येतं. रेडिएटर हवेला किती उष्णता देणार हे साधारण याच अंतरावर ठरतं. म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात त्याची ताकद सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला, त्यामुळे मागे पोहोचणारी हवा आधीच तापलेली. थंडीत खपून गेलेला अर्धमेला पंखा उन्हाळ्यात उघडा पडतो तो असा.

पंख्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू ठेवून एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. फिरला नाही, तर आधी फ्यूज आणि रिले. मेकॅनिक मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन बघतो. मोटर फिरली, तर दोष वायरिंग, रिले किंवा सेन्सरमध्ये. नाही फिरली, तर मोटरच गेली. उभ्या गाडीत एसी कोमट आणि चालत्या गाडीत गार, ही तर मालकाला स्वतःलाच कळणारी खूण. हात मात्र लांब ठेवावा, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

बोलेरोसारख्या गाड्यांत इंजिनवर फिरणारा पंखा आणि त्याला व्हिस्कस कपलिंग असतं. थंड, बंद इंजिनावर असा पंखा हाताने फिरवला की थोडा जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा गरगरला, तर कपलिंगमधलं सिलिकॉन तेल गळालेलं असण्याचा संभव मोठा.

आता जाळीकडे या. हा तांदळाच्या गिरण्यांचा जिल्हा. तूस, कोंडा, मळणीची धूळ आणि धान भरात असताना रात्री हेडलाइटवर झेपावणारे तुडतुडे, हे सगळं कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतं. समोरून जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च लावून फटीत डोकावलं की राखाडी नमद्यासारखा थर दिसतो. तो थंड गाडीवर, हलक्या धारेने, इंजिनच्या बाजूकडून बाहेर धुवायचा. सर्व्हिसिंग सेंटरची जोरदार धार जाळीच्या नाजूक पात्या वाकवते आणि होती ती वाटही बंद करते.

थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा एक गॅरेजी उपाय अजून चालतो. तो चुकीचा आहे. असं इंजिन थंडीत योग्य तापमानाला लवकर पोहोचत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ दोष झाकला जातो. बोअरचं पाणी ओतणं त्याहून महागात पडतं, कारण त्यातले क्षार बारीक नळ्यांत आतून साचतात. रेडिएटरचं झाकणही क्षुल्लक समजू नये. ते कुकरच्या शिटीसारखा दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. रबर खराब झालं की दाब सुटतो. काही शे रुपयांचं झाकण आधी बदलावं, हजारोंचा रेडिएटर नंतर.

रांगेतच काटा चढला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण उघडावा. उन्हाळ्यात हे नकोसं होतं, पण इंजिनची थोडी उष्णता तिकडून निघते. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली की कडेला घेऊन इंजिन बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नये. आतलं उकळतं पाणी तोंडावर येतं. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेड तडकू शकतं.

बाहेर कुठे गळती नाही, तरी गाडी ‘पाणी खाते’, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ होतं, अशी लक्षणं दिसली तर हेड गॅस्केट उडालेलं असण्याची शक्यता आहे. मग हेड उतरवून त्याचा पृष्ठभाग सपाट (‘फेस’) करण्यावाचून गत्यंतर नसतं. काम झाल्यावर कंपनीने सांगितलेलं कूलंटच भरावं आणि अडकलेली हवा काढून घ्यावी, नाहीतर गाडी पहिल्याच दिवशी पुन्हा तापेल. काढलेलं जुनं कूलंट गॅरेजसमोरच्या नालीत सोडू नये: त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, आणि कुत्री-मांजरं ते चाटतात.