धातू की पॉलिमर?

ग्वाल्हेर-चंबळच्या पट्ट्यात खांद्याला बारा बोअरची बंदूक लावून बाजाराला निघालेला माणूस आपल्यापैकी कोणालाच नवा नाही. वरातीतील ‘हर्ष फायर’ने जखमी झालेला वऱ्हाडी तपासण्याचा प्रसंगही येथील डॉक्टरांवर येतो. परंतु येथील बंदूक ही मुख्यतः मिरविण्याची वस्तू. शस्त्र कपड्यांआड लपवून नित्य अंगावर बाळगण्याचा प्रकार मला नीट समजला, तो टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या भाच्यामुळे.

तेथे सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र न ठरलेल्या एकवीस वर्षांवरील व्यक्तीस परवान्याविनाही हँडगन बाळगता येते. भाचा रात्रपाळी संपवून एकटाच घरी परततो. एके दिवशी त्याने फोनवर विचारले, “मामा, तुम्ही हाडांचे डॉक्टर. धातू आणि प्लॅस्टिक यांत तुमचा जन्म गेला. पिस्तूल धातूच्या सांगाड्याचे घेऊ की पॉलिमरच्या?”

प्रश्न ऐकून प्रथम हसू आले, आणि मग सर जॉन चार्नली आठवले. खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी त्यांनी वापरलेले टेफ्लॉन झिजले, तेव्हा १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची वाटी बसविली. तिच्यात फिरणारा गोळा मात्र धातूचाच राहिला. पिस्तुलाची गोष्टही याहून फार निराळी नाही. ऑस्ट्रियात १९८० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या ग्लॉक पिस्तुलाने पॉलिमरचा सांगाडा जगभर रूढ केला. पण त्याची नळी आणि वरचा सरकता भाग पोलादीच असतो. सांगाड्यातही पोलादी पट्ट्या बसविलेल्या असतात. म्हणजे ‘प्लॅस्टिकचे पिस्तूल’ हा शब्दप्रयोगच अर्धवट आहे.

मग फरक कोठे पडतो? पहिला वजनात. जुन्या घडणीचे पूर्ण पोलादी १९११ पिस्तूल रिकामे असताना सुमारे १,१०० ग्रॅम भरते. पॉलिमर सांगाड्याचे मध्यम आकाराचे पिस्तूल ६०० ते ७०० ग्रॅमच्या आसपास. दिवसभर कमरेला अर्धा किलो अधिक वागविणे म्हणजे काय, हे कंबरदुखीच्या रुग्णांना विचारावे! दुसरा फरक धक्क्याचा. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचे वजन निम्मे केले, तर मागे बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. जड पिस्तूल हातात स्थिर राहते, हलके उसळते. तिसरा फरक घामाचा. साधे पोलाद शरीरालगत गंजू शकते, पॉलिमर गंजत नाही. अॅल्युमिनियम मिश्रधातूचा मध्यम मार्गही आहे. त्या सांगाड्याची पाच गोळ्यांची छोटी रिव्हॉल्व्हरे तर सुमारे सव्वाचारशे ग्रॅमचीच असतात. तेव्हा ‘धातू म्हणजे जड’ हेही सर्वस्वी खरे नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट चापाची. अनेक पॉलिमर पिस्तुलांना अंगठ्याने लावावयाचा वेगळा सुरक्षा-खटका नसतो. संरक्षण चापातच असते. त्यामुळे चाप पूर्ण झाकणारे ताठ म्यान आणि सराव यांवाचून असे शस्त्र बाळगणे धोक्याचे.

इतके सांगून मी थांबलो असतो, तर उत्तर तांत्रिकदृष्ट्या पुरे झाले असते. परंतु रुग्णाने गुडघ्याविषयी विचारले, तरी आपण त्याची साखर पाहतोच. मी विचारले, “पिस्तूल रात्री कोठे असेल?” तो म्हणाला, “उशाशी, टेबलाच्या खणात.” आणि मला मेहुणे आठवले. माझी थोरली बहीण गेल्यापासून ते त्याच्याकडे राहतात. जेवण कमी झालेले, झोप पहाटे मोडणारी, बोलणे एकाक्षरी.

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. कॅलिफोर्नियातील सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हँडगन असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचे प्रमाण ती नसलेल्यांच्या सुमारे आठपट, तर स्त्रियांत सुमारे पस्तीसपट आढळले. निराशेचा क्षण पुष्कळदा ओसरतो. विषाच्या पुष्कळ रुग्णांना आपण वाचवितो. पण बंदुकीने केलेल्या प्रयत्नांपैकी दहांतील जवळजवळ नऊ प्राणघातक ठरतात. तेथे डॉक्टरला संधीच मिळत नाही. आणि त्या क्षणी सांगाडा पोलादाचा की पॉलिमरचा, याने तसूभरही फरक पडत नाही.

हे सारे मी त्याला आडपडदा न ठेवता सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, मी बाहेरच्या माणसाचाच विचार करीत होतो.”

त्याची भीती खोटी नव्हती. रात्रीचा रस्ता त्याला चालावा लागतो, मला नाही. म्हणून “घेऊ नकोस” असे मी म्हटले नाही. घ्यायचेच तर आधी कुलपाची पेटी, मग प्रशिक्षण, आणि शेवटी पिस्तूल, एवढा क्रम सांगितला. आणि या सर्वांच्या आधी वडिलांना मानसोपचारतज्ज्ञांकडे ने, असे बजावले.

खरेदी त्याने तूर्त पुढे ढकलली आहे. मेहुण्यांचे उपचार सुरू आहेत. परवा फोनवर त्यांनी आपणहून विचारले, “यंदा ग्वाल्हेरला थंडी कशी आहे?” त्या एका वाक्याने मला किती बरे वाटले, हे आपणां डॉक्टरमंडळींना सांगावयास नको.