पाण्याकाठचं जग : भाग ६
बांध कुणी घातला?

मागच्या भागात पाणपक्षी पाहिले. हे पक्षी ज्यांच्या आधाराने राहतात, त्या वनस्पतींकडे आज वळू.

पाणवनस्पती म्हटलं की नागापूर-बोल्हेगावकडच्या माणसाला आधी जलपर्णीच आठवते. खरं तर ती पाहुणी, दक्षिण अमेरिकेतून आलेली. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद मिळालं की पंधरवड्यात दुप्पट होते आणि पाण्यावर चादर अंथरते. खाली ऊन पोचत नाही, बुडालेल्या वनस्पती मरतात, पाण्यातला प्राणवायू आटतो. वरून सगळं हिरवंगार दिसतं, पण आत एकाच वनस्पतीचं राज्य असतं.

धडधाकट तळ्यात खोलीप्रमाणे वस्ती बदलत जाते. काठच्या ओल्या चिखलात माका, तालिमखाना आणि लव्हाळे. गुडघाभर पाण्यात पाणकणीस. त्याच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी घरटं करते आणि त्याचेच कोवळे कोंब खाते. पुढे तरंगत्या पानांची कुमुदं, त्यांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी. त्याहून आत, संपूर्ण पाण्याखाली, हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया.

व्हॅलिस्नेरियाला आपण सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो, पण तिचा संसार बघण्यासारखा आहे. मादीफूल लांब, बारीक देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. नरफुलं तळाशी असतात. टाचणीच्या डोक्याएवढी ही फुलं देठापासून सुटतात, वर येऊन उमलतात आणि वाऱ्याने ढकलली जात मादीफुलाभोवती पाण्याला पडलेल्या खळग्यात घसरतात. परागण झालं की मादीफुलाचा देठ स्प्रिंगसारखा वेटाळतो आणि फळ खाली ओढून घेतो. हे सगळं घडायला पाणी नितळ हवं आणि वरचा पृष्ठभाग मोकळा हवा.

आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात अशी तळी जवळजवळ सगळी माणसाने बांधलेली. पिंपळगाव माळवीचा तलाव घ्या, नाहीतर शेवगाव-नेवाशापर्यंत पसरलेला नाथसागर. म्हणून ती निसर्गाच्या हिशेबात कमी ठरतात का? शेजारच्या निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर पाहा. गोदावरी-कादवेच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला, तो शेतीच्या पाण्यासाठी. त्याच्या कालव्यांवर आपल्या कोपरगाव-राहात्याचा ऊस वाढला. नद्यांनी आणलेला गाळ मागे साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, त्यांवर पाणवनस्पती रुजल्या. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं आणि पुढे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. रामसर करार १९७१ सालचा. पाणथळ जागा नैसर्गिक की मानवनिर्मित, असा भेद तो करत नाही.

आपल्याकडचे २०१७ चे पाणथळ नियम मात्र हा भेद करतात. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय त्यांच्या व्याख्येतूनच वगळलेले आहेत. नांदूर मधमेश्वरला किंवा नाथसागराला अभयारण्याचं कवच आहे, गावतळ्याला तेही नाही. मला ही व्याख्या चुकीची वाटते. पाणकणसाच्या बीला बांध कुणी घातला याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो.

नियम बदलेपर्यंत गावाच्या हाती बरंच आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तळ्यांतला गाळ शेतात जातो, आणि तो जायलाच हवा. पण पोकलेन काठापर्यंत खणत आला की उतार जाऊन उभा कडा उरतो; त्यावर ना कुमुद टिकतं, ना लव्हाळा. शिवाय गाळाबरोबर त्यात पडून राहिलेलं बी आणि कंदही निघून जातात. ग्रामसभेने खोदाई मधल्या भागापुरती ठरवावी, एक बाजू सलग हात न लावता सोडावी आणि काठाचा उतार गुरांना सहज उतरता येईल इतका सपाट ठेवावा. जलपर्णी काढायची ती फुलोऱ्यापूर्वी, आणि काढलेली काठावर टाकायची नाही. तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. सांडपाणी येणारा नाला मात्र आधी अडवावा लागेल. तो कसा अडवायचा, ते पुढच्या भागात.