बैलांची शक्ती कोठे खर्च होते? घर्षण व गतीचे नियम

ऊस, धान्य, शेणखत अथवा कडबा गाडीत भरला की बैल ते ओझे वाहतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दोन चाकांच्या गाडीत ओझ्याचा बहुतेक सर्व भार चाकांवाटे जमीन सोसते. बैलांना ते ओझे उचलावयाचे नसून पुढे ओढावयाचे असते. सपाट रस्त्यावर ही ओढ ज्याच्याविरुद्ध खर्च होते, त्यास घर्षण म्हणतात. हे घर्षण कोठे उत्पन्न होते, किती असते आणि कशाने वाढते हे ज्यास समजले, तो शेतकरी त्याच जोडीकडून अधिक काम घेईल व तिचे आयुष्यही राखील.

पहिला नियम : गाडी थांबते का?

सर आयझॅक न्यूटन या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले. पहिला नियम असा की, बाहेरून बल लावल्याखेरीज थांबलेली वस्तू हालत नाही आणि चालती वस्तू आपला वेग अथवा दिशा बदलत नाही. या गुणास जडत्व म्हणतात. यावरून असे दिसते की, गाडी चालू ठेवण्यास मुळात बलाची गरज नाही. बैलांनी ओढणे थांबविले की गाडी थांबते, ती घर्षण तिला थांबविते म्हणून. बैल जेव्हा एकाच चालीने चालत असतात, तेव्हा त्यांची ओढ व गाडीचा एकंदर विरोध ही अगदी समसमान असतात. विरोध जितका कमी करावा तितकी ओढ कमी लागते.

चांगली पोसलेली बैलजोडी दिवसभर टिकेल अशी ओढ तिच्या एकूण वजनाच्या सुमारे एक दशांश असते. प्रत्येकी ४०० किलो वजनाचे दोन बैल म्हणजे सुमारे ८० किलोंची ओढ होय. थोडा वेळ ते याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक जोर करू शकतात. परंतु त्यानंतर त्यांना विसावा दिलाच पाहिजे.

आता गाडीसह १,५०० किलो भार धरू. घट्ट व सपाट रस्त्यावर विरोध स्थूलमानाने भाराच्या शेकडा तीन, म्हणजे ४५ किलो असतो. जोडी हे काम सहज करते. तीच गाडी ओल्या शेतातून अथवा भुसभुशीत वाळूतून काढावयाची झाल्यास चाके रुततात आणि विरोध शेकडा दहापर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. तेथे १५० किलोंची ओढ लागते. वीस मीटरला एक मीटर असा चढ आला, तर घर्षणाच्या ४५ किलोंत भाराचा विसावा हिस्सा, म्हणजे ७५ किलो मिळून ओढ १२० किलो होते. तात्पर्य, गाडीत किती भरावे हे चांगल्या रस्त्यावरून ठरवू नये. वाटेतील सर्वांत वाईट तुकडा कोणता, यावरून ते ठरवावे. फडातून सडकेपर्यंतची वाट मुरूम टाकून घट्ट केली, तर सबंध हंगाम बैलांचा त्रास वाचतो.

दुसरा नियम : हिसका किती महाग पडतो?

दुसऱ्या नियमाप्रमाणे, वस्तूचा वेग जितक्या झपाट्याने वाढवावयाचा तितके बल अधिक लागते. आणि वस्तू जितकी जड तितकेही ते अधिक लागते. वरील १,५०० किलोंची गाडी थांबलेल्या स्थितीतून सेकंदाला एक मीटर, म्हणजे बैलाच्या साधारण चालीवर आणावयाची आहे. हा वेग पाच सेकंदांत गाठला, तर घर्षणाखेरीज सुमारे ३० किलो जादा ओढ पुरते. एकूण ७५ किलो. परंतु आसूड मारून एका सेकंदात गाडी उठविली, तर जादा ओढ सुमारे १५० किलो होऊन एकूण १९५ किलोंवर जाते. हा सर्व हिसका जुवाखालच्या खांद्यावर बसतो. शिवाय थांबलेल्या गाडीचे घर्षण चालत्या गाडीपेक्षा मुळातच काहीसे जास्त असते. खांदे सुजणे व कातडी सोलून निघणे यांचे एक कारण असे पुनःपुन्हा बसणारे हिसके हे आहे. गाडी हळू उठविणे ही केवळ दया नसून गणिताचीही गोष्ट आहे.

आस, चाक व वंगण

चाक फिरताना तुंबा आणि आस एकमेकांवर घासतात. हे घर्षण आसाजवळ होते व बैलांची ओढ चाकाच्या परिघावर लागू पडते. म्हणून चाक जितके मोठे व आस जितका बारीक, तितके हे घर्षण बैलांना कमी जाणवते. दीड मीटर उंचीचे चाक व पाच सेंटिमीटर जाडीचा आस असेल, तर ते तिसाव्या हिश्शाने जाणवते. आस कोरडा असताना दर हजार किलो भारामागे सुमारे ११ किलो ओढ यात जाते. चांगले वंगण घातल्यास ती सव्वातीन किलोंच्या आसपास येते. पूर्वी गाडीखाली वंगणाचा नळा लटकत असे, तो याचसाठी.

रबरी टायरची गाडी मऊ जमिनीत कमी रुतते व खड्ड्यांचे धक्केही कमी देते. मात्र तिचे चाक लहान असते. चाक पाऊण मीटरचे झाल्यास आसाचे घर्षण दुप्पट जाणवते. यास्तव अशा गाडीस बॉल बेअरिंग बसविणे अत्यंत अगत्याचे आहे. टायरमध्ये हवा कमी असल्यास रबर दबून सडकेवरील ओढ वाढते, याचाही विसर पडू नये.

हेच तत्त्व कायद्यातही उतरले आहे. ओढकामाच्या व ओझेवाहू जनावरांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६५ च्या नियमांत ३५० किलोंपेक्षा अधिक वजनाच्या मोठ्या बैलासाठी, दोन चाकांच्या गाडीवर, गाडीचे वजन धरून कमाल भार दिला आहे. रबरी टायर नसलेल्या गाडीस ९०० किलो, रबरी टायर असल्यास १,३५० किलो आणि बॉल बेअरिंग असल्यास १,८०० किलो, असे हे प्रमाण आहे. बैल तोच, केवळ घर्षण कमी झाल्याने मर्यादा दुप्पट झाली. तसेच तीस मीटरला तीन मीटरहून अधिक चढ किमान एक किलोमीटर लांबीचा असेल, तर भार निम्मा करावा लागतो.

भार गाडीत कोठे ठेवला आहे यालाही महत्त्व आहे. पुढे जास्त भरल्यास गाडी धुरजड होऊन ओझे मानेवर येते. मागे जास्त भरल्यास ती उलाळ होऊन जू वर उचलले जाते व गळ्याला फास बसतो. भार आसावर तोलून धरावा. बैलांनी केवळ ओढावे.

तिसरा नियम : घर्षण मित्रही आहे

तिसरा नियम सांगतो की, प्रत्येक बलास तितकेच व उलट दिशेचे बल असते. बैल गाडीला जेवढे पुढे ओढतो, तेवढेच गाडी बैलाला मागे ओढते. मग गाडी चालते कशी, अशी शंका साहजिकच येते. याचे उत्तर बैलाच्या खुरांखाली आहे. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. गाडीचे मागे ओढणे व जमिनीचे पुढे रेटणे ही दोन्ही बैलावरच होतात. जमिनीचा रेटा वरचढ झाला की बैल आणि गाडी दोघेही पुढे सरकतात. हा रेटा मिळतो तो घर्षणामुळेच. गुळगुळीत डांबरी सडकेवर, विशेषतः पावसाने ती ओली झाल्यावर, घर्षण कमी पडते व बैल घसरून गुडघ्यांवर येतो. म्हणून पत्री झिजली की वेळीच बदलावी.

उतारावर तर घर्षण हाच एकमेव आधार असतो. तेथे ओझे गाडीला पुढे लोटते व जू मानेवर चढते. ब्रेक लावून चाकाचे घर्षण मुद्दाम वाढवावे आणि थांबताना चाकास उटी द्यावी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही हाच नियम लागू आहे. उतारावर गिअर काढून मोकळे सुटणे प्राणघातक होय. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात ११ मीटर पुढे गेलेले असते. अंधारात उभी असलेली उसाची गाडी त्याला दुरून दिसावी म्हणून तिच्या मागे प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असलीच पाहिजे.

गावात दाखविण्याजोगा प्रयोग

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे नियम केवळ सांगू नयेत, दाखवावेत. सपाट व घट्ट जागी रिकामी गाडी उभी करावी. दोघांनी जू तोलून धरावे व जुवाच्या मध्यास ताणकाटा अडकवून दोराने गाडी संथपणे ओढावी. काटा किती किलो दाखवितो ते लिहून घ्यावे. नंतर आस पुसून वंगण घालावे व त्याच जागी पुन्हा मोजावे. मग तीच गाडी नांगरटीत नेऊन तिसऱ्यांदा ओढावी. एकाने न हलल्यास चौघांनी हात लावावा. हिसका दिल्यास काटा कसा उडतो हेही दाखवावे. तीन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की अधिक व्याख्यानाची गरज उरत नाही.

बैलाला आपला शीण सांगता येत नाही. तो चाल मंदावतो, मान झाडतो किंवा खाली बसतो. त्याला आळशी म्हणून आसूड उगारण्यापूर्वी आसातील वंगण, टायरमधील हवा, गाडीचा तोल, पायांतील पत्री आणि पुढची वाट एवढ्या पाच गोष्टी तपासून पाहाव्यात. बहुधा दोष बैलात नसून यांपैकी एखाद्या ठिकाणी आढळेल, आणि तो दूर करण्यास फारसा खर्चही येणार नाही.