‘ओ’ दिसते ते सारेच ‘ओ’ नसते

भीमजयंतीच्या शिबिरात आपण हौसेने रक्तदान करतो. पण ‘ओ’ रक्त सर्वांना चालते, हा समज धोक्याचा आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे आणला. या गटाच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ हा घटक नसतो. म्हणून साध्या तपासणीत तो ‘ओ’च वाटतो. मात्र अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त चढवले, तर त्या पेशी फुटतात आणि जीवावर बेतते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. हा गुण आई व वडील दोघांकडून आला तरच गट बनतो. म्हणून सख्ख्या भावंडांचे रक्त आधी तपासावे. रक्ताला जात नसते, गट असतो. बांधवांनो, आम्ही एवढेच सांगतो : रक्त चढवण्यापूर्वी जुळवणीची तपासणी झाली का, हे विचाराच. जयभीम!