पानांवरच्या नागमोडी रेघा



कुंड्यांत टोमॅटो, चवळी किंवा झेंडू लावणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा पाहिल्या असतील. गेल्या वर्षी मी तो रोग समजून पंधरा दिवसांत दोनदा कीटकनाशक फवारले. रेघा वाढल्याच, शिवाय विषाच्या भीतीने टोमॅटोचे दोन तोडे फेकून द्यावे लागले. त्यानंतर जे वाचले ते येथे मांडतो.

हा रोग नव्हे, ही नागअळी. एका माशीची अळी. शास्त्रीय नाव लिरिओमायझा ट्रायफोली. मूळची अमेरिकेची ही माशी १९९०-९१ च्या सुमारास भारतात आढळली, तीही प्रथम आपल्या हैदराबादेत, एरंडाच्या पिकावर!

माशी जेमतेम दोन मिलिमीटरची, काळी-पिवळी. मादी पानाला बारीक छिद्रे पाडून रस पिते व काही छिद्रांत अंडी घालते. नराला छिद्र पाडता येत नाही. तो मादीच्या छिद्रांवरच भागवतो. दोन ते पाच दिवसांत अळी निघते आणि पानाच्या दोन पापुद्र्यांमधला हिरवा गर खात पुढे सरकते. ती वाढते तशी रेघ रुंदावते. आतली काळी रेष म्हणजे तिची विष्ठा. आठवड्याभरात ती पान फोडून बाहेर येते, बहुधा मातीत कोष करते आणि एक-दोन आठवड्यांत नवी माशी तयार होते.

तिला खाण्याचे वावडे फारसे नाही: टोमॅटो, चवळी, घेवडा, काकडी, दोडका, कापूस, एरंड, शेवंती, झेंडू. लिंबाच्या पानांवरील तशाच रेघा मात्र एका पतंगाच्या अळीच्या असतात.

माझा हिशेब कुठे चुकला? अळी पानाच्या आत असल्याने वरवरचे औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. उलट तिच्यावर वाढणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या मरतात. म्हणजे चोर सुरक्षित आणि पहारेकरी गारद!

यंदा मी रेघा दिसताच खालची पाने खुडून पिशवीत बांधून टाकतो, पिवळे चिकट सापळे लावतो आणि गरजेपुरताच पाच टक्के निंबोळी अर्क फवारतो. चार-दोन रेघांनी झाड मरत नाही. रेघा अजूनही दिसतात, पण टोमॅटो नातवंडे निर्धास्त खातात.