मर्ढेकरांचा अभंग : प्रभावशोधाची एक कसोटी

आधुनिक कवितेत पूर्वसूरींचा प्रभाव शोधताना छंदसाम्य प्रथम नजरेत भरते. परंतु तेवढ्याने प्रभाव सिद्ध होत नाही. बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांची कविता या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘शिशिरागम’ (१९३९) या संग्रहावर बालकवी व माधव जूलियन यांची छाया आहे. ‘काही कविता’ (१९४७) मध्ये मात्र अभंग व ओवी यांचे वळण ठळक होते.

थोरल्या अभंगात सहा अक्षरांचे तीन व चार अक्षरांचा चौथा चरण असतो. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक साधते. हा सांगाडा नामदेवांपासून तुकारामांपर्यंत सर्वांचाच असल्याने त्यावरून अमुक एका संताचे ऋण ठरविता येत नाही.

ऋणाची खूण अन्यत्र आहे. तुकाराम देवाशी भांडतात, पण ऐकणारा कोणी आहे ही श्रद्धा त्या भांडणामागे उभी असते. मर्ढेकरांच्या कवितेत तीच आर्तता यंत्रयुगीन नगराच्या शब्दकळेशेजारी येते आणि श्रद्धेला साशंकतेची किनार लागते. अभंग ज्या श्रद्धेची आठवण देतो, तिच्याशी आशयाचा ताण पडतो. छंद बदलल्यास हा ताणच नाहीसा होईल.

यावरून एक कसोटी हाती येते. जुना घटक वगळल्यास कवितेचा अर्थ उणावत असेल, तर तो प्रभाव. अन्यथा ते केवळ साम्य होय. अक्षरगणना हा शोधाचा आरंभ आहे, निष्कर्ष नव्हे.